पायरीवरची पिशवी

४ मार्च

ताई,

मायन्यावरच माझं घोडं अडलं होतं. 'तीर्थरूप' लिहावं तर तुला टोमणा वाटणार, 'माननीय न्यायमूर्ती' लिहावं तर तो टोमणाच होणार. शेवटी नुसतं ताई लिहिलं. सहा वर्षांत तोंडाने हा शब्द काढला नाही, पण हात काही विसरला नव्हता.

घाबरू नकोस, घरी सगळी धडधाकट आहेत. तुझ्या भावजयीचं हृदयही गोळ्यांवर नीट चाललंय. पत्राचं कारण आनंदाचं आहे आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागेना. तर ऐक. मला राष्ट्राध्यक्ष भवनाने वकील नेमलं आहे. हो, मला, तुझ्या भोंग्याला! बाईंनी वर्गाबाहेर काढलं तरी ज्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, त्या तुझ्या भावाचं नाव आता वटहुकमाच्या खटल्यात, थेट घटना न्यायालयात लागणार आहे.

परवा दुपारी आमच्या गल्लीत काळी गाडी शिरली. अर्धी गल्ली खिडकीत. गाडीतून एक गृहस्थ उतरले, घड्याळवाल्याच्या दुकानाशेजारचा माझ्या ऑफिसचा तो अंधारा जिना चढून आले आणि टायपिस्टबाईंना म्हणाले, "वकीलसाहेब आहेत का?" बाईंना वाटलं जप्तीवाले. त्यांनी सरळ "नाहीत" म्हणून सांगितलं. मी आतून खोकलो म्हणून बरं, नाहीतर इतिहास जिन्यावरूनच परत गेला असता.

गृहस्थ भवनातले सचिव निघाले. इतकं मऊ बोलतात की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. म्हणाले, वकील संघाच्या वार्षिकांकातला आपला भाडेकरारावरचा लेख राष्ट्राध्यक्षांनी स्वतः वाचला. मुदत संपणं आणि मुदत नव्याने सुरू होणं यावर इतकं स्वच्छ कुणी लिहिलेलं नाही म्हणाले. ताई, तो लेख तुझ्या भावजयीनेही वाचलेला नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "छापून आला होता? मला वाटलं तुम्ही नुसता पाठवला होता."

पहिला प्रश्न मी तुझाच काढला. म्हटलं, माझी सख्खी बहीण त्या न्यायालयात आहे, सातांपैकी एक. मी उभा राहिलो तर तिला उठावं लागेल, ते कसं? सचिव हसले. "ताईसाहेब या खटल्याला बसतच नाहीयेत. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजा घेतलीये त्यांनी. आपण निश्चिंत असा." गुडघ्याचं वकील संघात माझ्या कानावर आलंच होतं. मग काय, वकीलपत्रावर सही ठोकली. आणि तू खटल्यात नाहीस म्हणून तर हे पत्र लिहायची सोय झाली. चालू खटल्यात वकिलाने न्यायाधीशाला पत्र लिहायचं नसतं, एवढं भाडेकोर्टातही शिकवतात.

राग अजून आहे, बरं का. लेकीच्या लग्नाला सख्खी आत्या आली नाही हे मी विसरलेलो नाही. 'हॉलच्या मालकाचा खटला माझ्यापुढे आहे, येता येणार नाही' एवढी एक ओळ पाठवलीस. लग्नात हॉलचा मालक कोण बघतं, ताई? पण एवढी मोठी बातमी पोटात ठेवून रागावता येत नाही, म्हणून राग तेवढ्यापुरता खुंटीला टांगला आहे. गुडघ्याला जप.

तुझा
भोंगा


१३ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमन दिसला की मान वर होते, तिला मी काय करू?

रोज भवनात जातो. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी न उघडणारी, गालिचा असा की स्वतःच्या पावलांचा आवाज येत नाही. चहाच्या कपांवर झाकणं. तिथे सगळे कुजबुजल्यासारखं बोलतात. मला पहिल्याच दिवशी दोघांनी "जरा हळू" म्हणून सांगितलं. मुख्य युक्तिवाद करणार आहेत ते सोनेरी चष्म्याचे मोठे वकील. त्यांच्याभोवती पाच-सहा तरुण वकील फायली घेऊन फिरत असतात. मला कोपऱ्यात एक टेबल दिलं आहे. छान टेबल आहे. काम मात्र अजून कुणी दिलेलं नाही, म्हणून मी आपला स्वतःच युक्तिवाद लिहून काढतोय आणि संध्याकाळी ऑफिसात टायपिस्टबाईंना सांगतोय. बाई गेले काही महिने गप्प गप्प असतात, पण टायपिंगमध्ये चूक म्हणून नाही.

आणि हो, राष्ट्राध्यक्ष भेटले! भेटले म्हणजे, मी लिफ्टपाशी उभा होतो आणि ते समोरून आले. वर्तमानपत्रातल्यापेक्षा थकलेले दिसतात, डोळ्यांखाली काळं. सचिव त्यांच्या कानाशी लागले. त्यांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "घरी औषधं मिळतात ना आता?" ताई, माणूस वाईट नाही. मी त्यांना मत दिलं होतं आणि त्या क्षणी पुन्हा दिलं असतं.

काल तुझ्या भावजयीने विचारलं, "हा खटला आहे तरी काय? सारखं वटहुकूम वटहुकूम ऐकते."

तिला म्हटलं, बघ, बंदरात संप झाला होता ना? जहाजं उभी आणि तुझ्या गोळ्या जहाजात. तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी वटहुकूम काढला, संपवाल्यांना चौकशीशिवाय आत टाकलं, बंदर उघडलं, गोळ्या आल्या. घटनेने त्यांना तशी मुभा दिली आहे, पण दोन महिन्यांपुरती. तेवढ्यात संसदेपुढे जायचं. संसद हो म्हणाली तर पुढे चालू, नाहीतर वटहुकूम संपला. हे संसदेकडे गेलेच नाहीत. मुदत संपली त्या सकाळी तोच वटहुकूम, त्याच शब्दांत, नवा म्हणून काढला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. आता चौथी खेप चालू आहे. हे चालतं का, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे आहे.

"आणि तुम्ही चालतं म्हणणार."

"म्हणणार. गोळ्या कुणाच्या आल्या?"

ती थोडा वेळ कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "हे तुमच्या त्या शिवणवाल्या बाईंसारखंच झालं की."

तुला ती केस आठवत नसेल. एका बाईंनी एक खोली घेतली होती, शिवणकामासाठी. करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने झाले की मालक त्यांना कपड्यांची पिशवी आणि मशीन घेऊन जिन्याच्या पायरीवर बसवायचा, दाराला कुलूप लावायचा, दुपारभर त्यांना तिथेच ठेवायचा आणि संध्याकाळी नवा कागद करून पुन्हा आत घ्यायचा. का, तर सलग राहिल्या असं होऊन बाईंना कायद्याचं संरक्षण मिळू नये. अशी चौदा वर्षं. मालक मोठा गोड माणूस, पायरीवर बसलेल्या बाईंना चहासुद्धा पाठवायचा. ती केस मी जिंकलो. पिशवी घेऊन पायरीवर बसलेला माणूस घराबाहेर गेला असं होत नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. माझा लेख त्याच निकालावर आहे.

म्हणजे माझा लेख भवनाच्या विरुद्ध जातो की! आज सोनेरी चष्म्यांना गाठून म्हटलं, "माझ्या लेखाचा रोख जरा उलटा आहे, तुमच्या लक्षात आलंच असेल." ते म्हणाले, "कुठला लेख?"

कामाच्या गर्दीत विसरले असतील. राष्ट्राध्यक्षांनी वाचलाय ना, मग झालं. शिवाय खोली वेगळी आणि देश वेगळा. यातून वाट काढायलाच तर मला बोलावलं असणार, असं मी धरून चाललो आहे.

ऑपरेशन कधी आहे, कळव.

भोंगा


२१ मार्च

ताई,

पुन्हा तेच केलंस!

काल न्यायालयाच्या फलकावर वकिलांची नावं लागली. माझं खालून दुसरं. मी तुझ्या भावजयीला घेऊन ते बघायला गेलो, ती म्हणाली, चष्मा आणायला हवा होता. आणि आज सकाळी वर्तमानपत्र उघडतो तर पहिल्या पानावर तू. 'सख्खा भाऊ सरकारतर्फे उभा असल्याने न्यायमूर्ती खटल्यातून बाजूला.' रजा नाही, गुडघा नाही, भाऊ! म्हणजे तू बसणार होतीस. मला बघितलंस आणि खुर्ची सरकवून उठलीस. लग्नात हॉलच्या मालकामुळे आणि आता माझ्यामुळे. आयुष्यात एकदा माझं नाव त्या भिंतीवर लागलं, तर तुला ते नियमाच्या चिमट्याने उचलून बाजूला ठेवायचं होतं. वकील संघाच्या खोलीत सगळे माझ्याकडे बघून

ताई, वरचं अर्धवट सोडून उठलो होतो, कारण लेक आली. खोडून टाकणार होतो, पण असू दे. माझा रागही तुझ्या दप्तरी जमा असू दे.

लेक दारातूनच म्हणाली, "बाबा, काय करून बसलात?"

"मी? तुझ्या आत्याने केलंय. रजेवर होती म्हणे!"

"कुणी सांगितलं रजेवर होती? आत्याने ऑपरेशन कधीच पुढे ढकललंय. मोठं काम आहे, ते संपलं की करू म्हणाली. काठी घेऊन चालतेय ती."

"तुला कसं माहीत?"

"मी जाते तिच्याकडे."

"केव्हापासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. त्या दिवशी सकाळी एकटीच आली होती आमच्या घरी. मला जवळ घेऊन इतकी रडली की सासूबाईंना वाटलं काही वाईट बातमी आहे."

म्हटलं, मला का नाही सांगितलंस इतकी वर्षं? तर म्हणाली, "आत्याचं नाव निघालं की तुमचा भोंगा सुरू. सांगायला फट कुठे होती?"

मग तिने टेबलावर कागद ओढून मला लहान पोराला समजावतात तसं समजावलं. वटहुकूम पाडायला सातातले चार न्यायाधीश लागतात, बसलेले कितीही असोत. तीन जण राष्ट्राध्यक्षांच्या बाजूचे आणि तीन विरुद्धचे, हे त्यांच्या जुन्या निकालांवरून शेंबडं पोरही सांगेल. सातवी तू. तुझ्या मनात काय असतं हे मला लहानपणापासून कळलेलं नाही, तर भवनाला काय कळणार? आणि त्यांना ते कळून घ्यायचंच नव्हतं. तुझी खुर्ची रिकामी झाली की तिनाला तीन, चार होणं संपलं, वटहुकूम जिवंत.

माझा लेख कुणीही वाचलेला नाही, ताई. त्यांनी फक्त माझं आडनाव वाचलं.

भोंगा


२७ मार्च

ताई,

हे पत्र मी टाकणार नाही. का ते शेवटी लिहितो. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहायचं नाही, आणि सांगायची माणसं माझ्याकडे मुळात कमी आहेत.

सचिवांकडे गेलो. आवाज चढवायचा नाही असं जिन्यातच ठरवलं होतं. म्हटलं, माझी बहीण रजेवर आहे असं तुम्ही मला सांगितलंत. ते म्हणाले, "तेव्हा आमच्याकडे तशी माहिती होती." म्हटलं, मला काय म्हणून नेमलंत? त्यांनी कपावर झाकण ठेवलं आणि म्हणाले, "वकीलसाहेब, आम्ही आपला सन्मान केला. आपण कायद्याप्रमाणे सही केलीत. ताईसाहेब कायद्याप्रमाणे बाजूला झाल्या. यात कुणी काही बेकायदा केलंय का?"

खरंच कुणी काही बेकायदा केलेलं नव्हतं. लिफ्टने खाली येईपर्यंत मी शब्द शोधत होतो.

ऑफिसात आलो तर टायपिस्टबाई माझा युक्तिवाद टाइप करत होत्या. म्हटलं, राहू द्या बाई, आता त्याची गरज नाही. त्यांनी हात थांबवले. म्हटलं, तुम्हाला काय वाटतं या वटहुकमाबद्दल? सहज विचारलं, राग कुठेतरी काढायचा म्हणून. त्यांनी समोरचे कागद जुळवून ठेवले. मग म्हणाल्या, "साहेब, माझे मिस्टर बंदरात क्रेनवर होते."

ताई, बाई माझ्याकडे अकरा वर्षं आहेत. नवरा बंदरात आहे हे मला माहीत होतं. तो आत आहे हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही त्यांच्या बाजूने उभे राहणार होतात ना. कामात घरचं कशाला आणायचं?"

आणि मग त्यांनी सांगितलं. पहिल्या वटहुकमाची मुदत संपली त्या सकाळी तुरुंगात सगळ्यांना त्यांचे कपडे परत दिले. पिशव्या दिल्या. अंगणात ओळीने बसवलं. बाई फाटकाबाहेर उभ्या, त्यांना जाळीतून नवरा दिसत होता, मांडीवर पिशवी घेऊन बसलेला. त्याने हातसुद्धा केला. दुपारी एक साहेब कागद घेऊन आला, नवा वटहुकूम निघाला म्हणाला, आणि ओळ तशीच उठवून आत नेली. पुढच्या खेपेला पुन्हा कपडे, पुन्हा पिशवी, पुन्हा अंगण. "तिसऱ्या खेपेला मी गेलेच नाही साहेब," बाई म्हणाल्या. "त्यांनीच निरोप पाठवला होता, येऊ नकोस, बघवत नाही."

माझ्या डोळ्यांपुढे शिवणवाल्या बाई आल्या, पायरीवर, मांडीवर पिशवी. ज्या गोष्टीविरुद्ध मी उभा राहिलो म्हणून माझं थोडंफार नाव आहे, तीच गोष्ट या बाईंकडून मी राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने टाइप करून घेत होतो. लाज वाटली. फार लाज वाटली, ताई.

राष्ट्राध्यक्ष वाईट माणूस आहे असं मला आजही वाटत नाही. त्यांनी माझा हात धरला तो मनापासून धरला असेल. पण शिवणवाल्या बाईंचा मालकही मनापासूनच चहा पाठवायचा. माणूस गोड आहे म्हणून त्याने कुणाला विचारायचंच नाही, हे कसं चालेल? दोन महिन्यांच्या आत संसदेचं दार ठोठावायचं आणि 'येऊ का' म्हणून विचारायचं, एवढंच घटना मागते. आपल्या घरात तर तुझ्या खोलीत शिरतानासुद्धा मला विचारावं लागायचं.

रात्री तुझ्या भावजयीला सगळं सांगितलं. म्हटलं, वकीलपत्र सोडलं तर भवन चिडेल, महापालिकेच्या वकिलांच्या यादीतून नाव जाईल, आपलं निम्मं काम तिथलं आहे. ती म्हणाली, "बाकीच्या निम्म्यात तुमची बडबड ऐकायला मला जास्त वेळ मिळेल, तेवढंच संकट." मग म्हणाली, "सोडा. गोळ्यांचे उपकार मी फेडीन माझ्या मताने. तुम्ही वन्संची खुर्ची देऊन नका फेडू."

सुनावणी सुरू व्हायच्या आत वकील हटला तर उठलेला न्यायाधीश परत बसू शकतो, असा त्या न्यायालयाचा रिवाज आहे. पण पक्षकाराच्या संमतीशिवाय वकील हटू शकत नाही, आणि भवन संमती कशाला देईल? मग एकच वाट उरते, भर न्यायालयात उठून परवानगी मागायची. म्हणून हे पत्र टाकत नाही. तू परत बसणार असशील, तर माझा एक शब्दही तुझ्यापर्यंत येता कामा नये.

भोंगा


२ एप्रिल

ताई,

हेही खणातच राहणार.

आज तुझं न्यायालय आतून पाहिलं. किती वर्षं मनात होतं! छत इतकं उंच की तिथे माझा आवाजसुद्धा छोटा वाटला असता. वर सात खुर्च्या. सहाजण येऊन बसले. तुझी खुर्ची डावीकडून तिसरी, टेबलाशी सारून ठेवलेली, पुढे पाण्याचा पेला उपडा. कुणीतरी तुझी पाठीला लावायची उशी उचलायची विसरलं होतं. घरी असायची तशीच, एका कोपऱ्यातून उसवलेली.

मी भाषण तयार केलं होतं. खोटं कशाला बोलू, पाच पानांचं. त्यात शिवणवाल्या बाई होत्या, क्रेनवाला होता, माझा लेख होता, आणि शेवटी असं वाक्य होतं की वर्तमानपत्रांनी चौकटीत छापावं. सोनेरी चष्मे उभे राहणार तेवढ्यात मी मागच्या रांगेत उठलो. सचिवांनी माझी बाही धरली. मी ती सोडवली.

सरन्यायाधीश म्हणाले, "आपण?"

मी म्हटलं, मी सरकारतर्फे शेवटून दुसरा वकील, मला वकीलपत्र सोडायची परवानगी हवी आहे.

"पक्षकाराची संमती?"

"नाही."

"कारण?"

ताई, पाच पानं माझ्या हातात होती. सगळं न्यायालय माझ्याकडे बघत होतं. मी तोंड उघडलं आणि मला ती उशी दिसली. माझं भाषण ऐकून तू परत बसलीस, तर उद्या कुणीही म्हणेल, भावाने आधी बाजू सांगून बहिणीला बसवलं. मी जितकं बोलेन तितकं तुझ्या अंगाला चिकटेल. मी पानं घडी घालून खिशात ठेवली.

म्हटलं, "माझ्यामुळे एक खुर्ची रिकामी आहे, एवढंच कारण."

आणि गप्प बसलो. हयातीतला माझा सर्वांत छोटा युक्तिवाद.

सहाजणांनी माना एकत्र केल्या. "परवानगी आहे," सरन्यायाधीश म्हणाले आणि सुनावणीची सुरुवात तासभर पुढे ढकलली. मी बॅग उचलून बाहेर आलो. घरी जायला हवं होतं, पण पाय निघेनात. न्यायालयाच्या पायऱ्यांवर बसून राहिलो, मांडीवर बॅग. मग माझं मलाच हसू आलं. सचिव जाताना एकदा माझ्याकडे बघून गेले.

थोड्या वेळाने बाजूच्या फाटकातून तुझी गाडी आली. तू काठी टेकत उतरलीस. केस किती पांढरे झालेत तुझे! माझ्यापासून वीस पावलांवरून तू गेलीस आणि माझ्याकडे पाहिलं नाहीस. मान इतकी ताठ ठेवून चाललीस, की मला कळलं, मी तिथे बसलोय हे तुला दिसलंय.

मला राग आला नाही. पहिल्यांदाच.

भोंगा


१६ मे

ताई,

निकाल लागला, आता लिहायला हरकत नाही. चार विरुद्ध तीन. वर्तमानपत्रात तुझा भाग मी चष्मा पुसून पुसून वाचला. बंदर उघडायला काढलेला पहिला वटहुकूम योग्य होता, ती राष्ट्राध्यक्षांची जबाबदारीच होती, असं तू लिहिलंस. बाकीचे सहा एकतर सगळंच बरोबर म्हणत होते किंवा सगळंच चूक. दुसऱ्या खेपेपासून पुढे मात्र, तू म्हणतेस, संसदेला विचारल्याशिवाय नवं काही सुरू होत नाही, जुनंच चालू राहतं, आणि जुन्याची मुदत संपलेली आहे. म्हणून सगळ्यांना सोडा.

आज सकाळी टायपिस्टबाईंनी सुट्टी मागितली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तुरुंगाच्या फाटकाशी मीही गेलो होतो, लांब उभा राहिलो. तो पिशवी घेऊन अंगणात आला, चार पावलं चालला आणि थांबला. सवयीने. मागे वळून शिपायाकडे बघितलं, बसू का म्हणून. शिपाई म्हणाला, "अहो, जा की." तेव्हा कुठे तो निघाला.

राष्ट्राध्यक्ष संसदेकडे जाणार आहेत असं संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं. जाऊ देत. विचारलं तर संसद हो म्हणेलही. महापालिकेच्या यादीतून माझं नाव गेलं, ते अपेक्षितच होतं. शिवणवाल्या बाईंनी मात्र त्यांच्या दोन मैत्रिणींना माझ्याकडे पाठवलं आहे, दोघींचे मालक गोड बोलणारे आहेत.

तुझी माफी कशी मागावी हे मला जमत नाही. वटहुकमाची नाही, त्यात मी फसलो. लग्नापासून धरलेल्या अबोल्याची. उद्या हे पत्र टाकतो. उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहीत राहणार, तुला माहीतच आहे.

तुझा
भोंगा


१६ मे

भोंग्यास,

तुझी तीन पत्रं आली होती. तुझं वकीलपत्र दाखल झाल्याचं कळलं होतं आणि पाकिटावरचं अक्षर ओळखलं, म्हणून उघडली नाहीत. न्यायालयाच्या प्रबंधकांकडे मोहोर लावून ठेवायला दिली. निकाल लागल्यावर आज ती मला परत मिळाली, समोर टेबलावर आहेत. आत काय आहे मला माहीत नाही. तू त्यांचा वकील का झालास आणि का सोडलंस, तेही माहीत नाही. कुणी सांगू लागलं तर मी ऐकून घेतलं नाही.

तू पायऱ्यांवर बसला होतास. बारीक झाला आहेस. त्या दिवशी न बघता पुढे जाणं मला गुडघ्यापेक्षा जड गेलं.

पत्रं अजूनही उघडलेली नाहीत. तू येऊन वाचून दाखव. न टाकलेली आणखी काही असतीलच, तू काही गप्प बसणाऱ्यातला नाहीस, तीही घेऊन ये. बढाईचे भाग गाळायचे नाहीत. वहिनीला बरोबर आण, म्हणजे गाळलेलं मला कळेल.

ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. आज दवाखान्यात भरती होण्याचा अर्ज भरला. त्यात 'जवळचे नातेवाईक' असा रकाना आहे. इतकी वर्षं न्यायालयाच्या कागदांवर असा प्रश्न आला की मी तुझं नाव लिहायची ते बाजूला होण्यासाठी. आज पहिल्यांदा तू जवळ यावास म्हणून लिहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी आठला दवाखान्यात ये. पाय बांधलेला असेल, या खेपेला मला उठून जाता येणार नाही. मोठ्याने बोललास तरी चालेल.

ताई